मुराळ्यासाठी सूचना

पुणे, २८ जून २०२५

ती. आईस,
रुचिकाचा नमस्कार, शरणार्थी.

तुझं पत्र मिळालं. कानाचं मशीन पुन्हा डबीत घालून ठेवलंस म्हणतेस, कानात कुकर शिट्ट्या मारतोय असं वाटतं म्हणून. ठेव बाई. तुला फोनवर ऐकू येत नाही, त्यानिमित्तानं का होईना, मला हातानं लिहावं लागतं. नाहीतर दिवसभर कीबोर्डवर नुसती बोटं बडवत बसते.

नव्या कंपनीत नेमकं करतेस काय, असं विचारलंस. सांगते. कॉम्प्युटरचा मोठा प्रोग्राम एकटा माणूस लिहीत नाही, वीस-पंचवीस जण मिळून लिहितात. मूळ प्रत एका जागी असते आणि प्रत्येकाजवळ आपापली एक प्रत असते. इतरांनी केलेलं नवं काम आपल्या प्रतीत आणायचं, त्याला पुल म्हणतात. आजवर हे माणसं करायची. आता एजंट करतात. एजंट म्हणजे एआयचा गडी समज. सांगितलेलं सगळं करतो, न सांगितलेलं त्याला कळत नाही. पुल करायचं साधन त्याच्या हाती द्यायचं तर ते कसं वापरावं, कधी वापरू नये, हे आधी कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते मी लिहिते. तो वाचतो आणि शब्दाला शब्द धरून तसंच वागतो.

लिहिताना मला सारखा मुराळी आठवतो. सासरच्या लेकीला माहेरी आणायला माणूस जातो ना, तसाच हा पुल. तिकडचं इकडं आणायचं.

माझ्यासाठी मुराळी येणार नाही हे मला ठाऊक आहे. सुरजशी कोर्टात लग्न केलं तेव्हा अप्पा म्हणाले होते, "गेलीस तशी जा. तुला न्यायला कुणी येणार न्हाई." मीही म्हणाले, न्यायला आल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. चार वर्षं झाली. बाप तशी लेक, दोघंही शब्दाला चिकटून बसलोय. भाऊ असता तर तो तरी आला असता.

पंचमी महिन्यावर आली. दर वर्षी आदल्या दिवशी माझं लक्ष दाराकडं असतं. सुरजला सांगत नाही, तुला सांगते.

तुझी,
रुचिका

•

केज, ६ जुलै २०२५

चि. रुचिकाबाईस,
आईचा आशीर्वाद.

तू पुलाचं लिहितीस हे वाचून मी आधी भ्याले. म्हणलं, पोरगी कॉम्प्युटर सोडून बांधकामावर गेली का काय. खाली वाचलं तवा उमगलं. एजंट म्हणलं की मला आपला विम्याचा सुग्रीवच दिसतो. त्याला एक सांगावं तर चार करून येतो. तुझा एजंट बरा म्हणायचा.

तुझी पत्रं मी दुपारी वाचते. तुझे अप्पा म्होरं दुकानात भांडी लावत बसलेले असतात, मी मागं माजघरात. मधी नुसता पडदा हाय. मनातल्या मनात वाचते, त्यांना काई कळू देत न्हाई. तुझं नाव घरात काढायचं न्हाई ही त्यांची आण मी मोडली न्हाई. पर परवा माझं वाचून झालं अन् हे पडदा सारून आत आले. माठातलं पानी पिले. गेले. पुन्हा आले, पुन्हा पानी पिले. बाहेर गिऱ्हाईक तांब्याचा भाव इचारत हुभं, अन् ह्यांचं ध्यानच न्हाई.

त्यांच्या छातीत अधूनमधून धरतं. डाक्टर म्हणला, जिने चढू नका. केजात आपल्याला जिना हायेच कुठं, म्हणून त्यांनी मनावर घेतलं न्हाई.

काल जेवताना कायतरी बोलले. मी होट बघून ताडते, बरोबरच असतं असं न्हाई. मला वाटलं म्हणाले, "मुराळ्यानं आता काय काय करायचं असतं?" मी म्हणलं, तुमाला कावून पायजे? तर ताटावरून उठले.

तर तू नीट लिही बाई. त्या तुझ्या मुराळ्यानं काय करावं, काय करू न्हाई. मला बी समजू दे, मी काय सातवी उगं पास झाले न्हाई.

तुझी सासू सत्यभामाबाई कशी हाय? आमची भेट न्हाई झाली, तरी माझा नमस्कार सांग.

आई

•

पुणे, १५ जुलै २०२५

ती. आईस,
शरणार्थी.

तू विचारलंस म्हणून मला इतकं बरं वाटलं. इथं सुरज सोडला तर माझ्या कामात कुणाला रस नाही, आणि त्यालाही झोप येते.

तर ऐक. मुराळ्याला माझी पहिली सूचना अशी: गेल्या गेल्या ओढू नकोस, आधी बघ. त्या प्रतीत कोणाचं अर्धवट काम पडलं असेल, साठवून ठेवायचं राहिलं असेल, तर थांब. तू वरून नवं आणून ओतलंस तर ते काम चिरडून जाईल आणि पुन्हा हाती लागणार नाही. दुसरी सूचना, जबरदस्तीचं बटण असतं, ते कोणी उघड सांगितल्याशिवाय दाबायचं नाही. आणि दोन माणसांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असेल तर तू न्यायाधीश होऊ नकोस, माणसाला विचार.

पहिली सूचना कोणाची, ओळखलंस? अप्पांची. ते रुक्मिणीआत्याला आणायला जायचे तेव्हा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. आत्या चुलीपुढं भाकरी थापत असली की अप्पा दाराबाहेर ओट्यावर बसून राहायचे. मी हाक मारायला गेले की तोंडावर हात ठेवायचे. म्हणायचे, "हातातलं काम संपल्याबिगर लेकीला उठवू न्हाई. सासरची माणसं मग तिलाच बोलतात." ते मी इंग्रजीत लिहिलं, एवढंच. आमच्या साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, अख्ख्या मॅन्युअलमधलं हे सगळ्यात स्वच्छ वाक्य. माझ्या जिभेवर आलं होतं की ते केजच्या भांड्याच्या दुकानातून आलंय.

इकडं नवीन काही नाही. सासूबाई मजेत आहेत, तुझा नमस्कार सांगितला.

तुझी,
रुचिका

•

केज, ३१ जुलै २०२५

चि. रुचिकाबाईस,
आशीर्वाद.

पंचमी झाली. तुझ्याबिगर पाचवी. झोका बांधला न्हाई. गल्लीतल्या लेकी आल्यात, त्यांच्या हातावर मेंदी बघून मी आत येऊन बसले.

तुझ्या बापाचं एक सांगते, जरा हस. पंचमीच्या आदल्या दिशी पहाटंच उठले. अंघोळ, लिंगपूजा केली, कपाळभर इभूत लावली, धुवट धोतर नेसले. म्हणले, लातूरला मालाला जातो. मी म्हणलं, सणाच्या तोंडावर कसला माल? तर म्हणले, लाह्या भाजल्यात का? दे बांधून. मी जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडला अन् गुळाचा खडा घालून गाठोडं बांधून दिलं. बाई, भांड्याच्या व्यापाऱ्याला कुणी लाह्या नेतं का? मला वाटलं, म्हातारपणी उधारी मागायची नवी तऱ्हा काढली.

लातूरला गेलेला माणूस सांजंला येतो, हे दुसऱ्या दिशी पंचमीला आले. माल न्हाई, गाठोडं न्हाई. पाय सुजलेले. मी इचारलं, झालं काम? म्हणले, "लई कामात होते." व्यापाऱ्याला म्हणत असतील. मी म्हणलं, मग इतक्या लांब जाऊन कावून परत आलात, थांबायचं हुतं की. तर माझ्याकडं बघत ऱ्हायले अन् आडवे झाले. तवापासून छातीला हात लावून बसतात.

पर राग न्हाई हां त्यांच्या तोंडावर. लई दिसांनी असा निवळलेला चेहरा बघितला.

तू पंचमीला काय केलंस?

आई

•

पुणे, ८ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
शरणार्थी.

पंचमीला काय केलं म्हणून विचारतेस. काम केलं. दुसरं काय करणार.

तुझ्यापासून एक लपवलं होतं. सासूबाई जूनमध्ये न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तू काळजी करशील म्हणून लिहिलं नाही. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत दाराशीच टाकली आहे, वारा लागावा म्हणून दार उघडं ठेवतो. आता काठी धरून चार पावलं टाकतात. पंचमीच्या आधी त्याच मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या माहेरचं कुणी आलं तर जा गं, माझी बहीण येऊन ऱ्हाईल." बॅग भरून कपाटात ठेवली होती, ती गेल्या आठवड्यात रिकामी केली.

त्यांना मात्र पंचमी पावली. आदल्या दिवशी दारावर कुणी जंगम आला होता म्हणे. भिक्षा न घेता उलट लाह्याच देऊन गेला. मागायला आलेला देऊन जातो, असं सासूबाईंनी जन्मात बघितलं नव्हतं. मी चहाबरोबर खाल्ल्या. थेट तुझ्यासारख्या लागल्या, गुळाचा खडासुद्धा होता. त्यावर जरा रडले आणि पुन्हा कामाला बसले.

कामातही फजिती झाली. चाचणीला एजंटाला पुल करायला सांगितलं. तो गेला, कोणाचं अर्धवट काम पडलेलं दिसलं, आणि माझ्या सूचनेप्रमाणं थांबला. चांगलंच केलं. पण कोणाला काही न बोलता परत आला. इकडं सगळे दिवसभर वाट बघत, तिकडं त्याच्या लेखी काम संपलेलं. साहेबांनी मला बोलावलं. एजंटाचा काही दोष नव्हता. थांब म्हणून मी लिहिलं होतं, पण थांबल्याचं सांग म्हणून लिहिलंच नव्हतं. आता ओळ वाढवली आहे: थांबलास तर गुपचूप परत फिरू नकोस. आलो होतो, अमुक दिसलं म्हणून थांबलो, असं सांग, आणि उत्तराची वाट बघ.

अप्पांना सांगता आलं तर एवढं सांग, की मी वाट बघणं सोडलं. पाच पंचम्या पुष्कळ झाल्या.

रुचिका

•

केज, ७ सप्टेंबर २०२५

चि. रुचिकाबाईस,
आशीर्वाद.

अप्पा गेले तवा तू सुरजरावांसंगं येऊन गेलीस. अप्पांच्या समाधीवर जावयानं माती लोटली, भाऊबंदांत कुणी आडवलं न्हाई. तू त्यांच्या पायापाशी बसून ऱ्हायलीस. तवा मला काई ठाऊकच न्हवतं. आता ठाऊक झालंय अन् ते पोटात ठेवून मला अन्न गोड लागत न्हाई, म्हणून लिहिते. बसून वाच.

तू गेलीस तवा जानकीबाई शेजारीण माझ्याजवळ येऊन बसली. बोलता बोलता म्हणली, "मल्लम्मा, लेकीची पत्रं वाचतीस तवा आमी सगळ्याजणी हातातलं काम ठेवून ऐकतो." मी म्हणलं, मी तर मनात वाचते. ती हसली न्हाई. माझा हात धरला अन् पाटीवर लिहून दाखवलं, कारण तिला वाटलं मी होट वाचण्यात चुकंन. "तू मोठ्यानं वाचतीस. वेशीपतुर ऐकू येतं." कान गेले तवापासून मी मोठ्यानं वाचत आले. मला कुणी सांगितलंच न्हाई. गल्लीला बी ऐकायचं हुतं अन् त्यांना बी.

म्हंजे त्यांनी तुझं पत्र न् पत्र ऐकलंय. पडद्याच्या पलीकडं बसून.

तुझं मागचं पत्र आलं त्या दिशी वाचून मान वर केली तर हे पडद्यात हुभे. डोळे भरलेले. होट हालले. मला वाटलं म्हणतात, "लाह्या खाल्ल्या तिनं?" मला कळंना. म्हणलं, पंचमी कवाच झाली, आता कोण लाह्या खातंय. तर हसाया लागले. रडत व्हते अन् हसत व्हते, मी पाठीवर हात फिरवला, ठसका लागला म्हणून. मग लांबलचक बोलले. त्यातलं मला दोनच शब्द घावले, दिवाळी अन् हाक. मी म्हणलं, व्हय, दिवाळीला माल लई लागंल, व्यापाऱ्याला हाक मारा. त्यांनी मान हलवली. मला समजावणं सोडून दिलं. त्यानंतर आठवडा बी न्हाई काढला त्यांनी.

वाट बघणं सोडलं म्हणून तू लिहिलंतंस. ते बी मी मोठ्यानंच वाचलं असंल. माझ्या तोंडानं त्यांना वाचून दाखवलं.

बाई, लातूरवरून आल्यावर ते "लई कामात होते" म्हणले असं मी तुला लिहिलं. 'होती' अन् 'होते' होटांवर सारखंच दिसतं. ते "होती" म्हणले असतील.

जंगम न्हवता गं तो.

आई

•

पुणे, १६ सप्टेंबर २०२५

आई,

तुझं पत्र वाचून मी सासूबाईंच्या खाटेशी जाऊन बसले. विचारलं, तो जंगम कसा होता? त्या म्हणाल्या, उंच, वाकलेला, कपाळाला तीन बोटं इभूत. धापा टाकत होता. आमची लिफ्ट त्या दिवशी बंद होती, आई. चार जिने आहेत.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. अप्पांनी दारात उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, "शरणार्थी." विहिणीला आपल्या लिंगायतांचा नमस्कारच केला ना त्यांनी. पण सासूबाई शिरूर कासारच्या, त्यांच्या दारात शरणार्थी म्हणत जंगमच यायचे झोळी घेऊन. हातात गाठोडं दिसलं, त्यांना झोळी वाटली. खाटेवरून उठता येईना. म्हणाल्या, "म्होरं जा बाबा. सून कामात हाय, ती काई उठायची न्हाई."

अप्पांनी विचारलं, "लई काम असतंय का तिला?" त्या म्हणाल्या, "माझं हागणंमुतणं तीच काढती अन् वरून हापिसाचं करती. गुणाची हाय." अप्पा आतल्या दाराकडं बघत होते म्हणे. म्हणाले, "कामात हाय तर ऱ्हाऊ द्या. उठवू नका." स्टुलावर गाठोडं ठेवलं आणि कठड्याला धरून जिना उतरले.

मी त्या आतल्या दाराच्या पलीकडं होते. कानाला हेडफोन, तेच मॅन्युअल पुढ्यात. अर्धवट काम दिसलं तर थांब, हे वाक्य साहेबांना वाचून दाखवत होते.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मी हात धरले. म्हणत होत्या, "मी इवायाला, सुनेच्या बापाला, म्होरं जा म्हणलं." दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांनी माझी गुणाची म्हणून ओळख करून दिली. ती ऐकूनच तर अप्पांचा चेहरा निवळला असेल.

ते हिरवं फडकं अजून घरात आहे. मी त्यानं कॉम्प्युटर पुसत होते. तुझ्या लुगड्याचा काठ मला ओळखू आला नाही.

अप्पांनी सगळं बरोबर केलं, आई. मी लिहिलं होतं तसंच. आधी बघितलं, थांबले, जबरदस्ती केली नाही. आलो होतो म्हणून सांग, ही ओळ मी नंतर लिहिली. ती दोन आठवडे आधी सुचली असती तर त्यांनी मला हाक मारली असती. दिवाळीला ते हाक मारायलाच येणार होते.

वाट बघणं मी सोडलं नव्हतं. रागानं लिहिलं होतं. हे आता तू कितीही मोठ्यानं वाचलंस तरी त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. तरी वाच. पडद्याकडं तोंड करून वाच.

रुचिका

•

केज, २५ सप्टेंबर २०२५

चि. रुचिकाबाईस,
आशीर्वाद.

वाचलं. दुकानाचा पडदा सारून, त्यांच्या जागेकडं तोंड करून वाचलं. जानकीबाई अन् गल्लीतल्या बाया पायरीवर येऊन बसल्या. कुणी रडणं लपवलं न्हाई.

सत्यभामाबाईंना सांग, माझी शरणार्थी. अन् म्हणावं, जेवत जा. आमच्या मालकांना कुणी जंगम म्हणलं असतं तर त्यांना मोठेपणच वाटलं असतं. त्यांनी तुझ्या सासूचा राग धरला असता तर मला दिसला असता. तो चेहरा मी बघितलाय, तू न्हाई बघितलास. मी सांगते त्यावर इस्वास ठेव.

आता माझं ऐक. दिवाळीला मी येते तुला न्यायला. सुग्रीव मला बशीत बसवून देणार हाय, तिकडं सुरजराव उतरून घेतील. बाईमाणूस मुराळी गेलेली मी ऐकली न्हाई, अन् अशी पांढऱ्या कपाळाची तर मुळीच न्हाई. पर आपल्याकडं आता दुसरं कोण हाय? लोक काय म्हणतील ते मला ऐकू येत न्हाई, हे एक बरं.

मी वर जिना चढून येईन अन् दारात हुभी ऱ्हाईन. तू कामात असलीस तरी, कानात ते घातलं असलंस तरी, मी परत फिरणार न्हाई. माझा आवाज वेशीपतुर जातो म्हणतात. मी हाक मारीन.

तू ओ दे. मला ऐकू यायची न्हाई, पर तू दे.

आई